भिंतीवरची फार्मासिस्ट

आनंदीवहिनी वारल्या आहेत, अशी माझी पहिला महिनाभर पक्की समजूत होती.

त्यात माझी फारशी चूक नव्हती. विद्यापीठात नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून चंडीगडला आले आणि सेक्टर बावीसमध्ये एका घराच्या गच्चीवरची एकुलती खोली भाड्याने घेतली. उन्हाळ्यात ती भट्टी असते आणि थंडीत फ्रीज. आल्या आल्या शिंकांनी बेजार झाले, तेव्हा मार्केटमधल्या औषधाच्या दुकानात गेले. पाटीवर 'आनंदी मेडिकोज' वाचून जरा बरं वाटलं. आत एका जुन्या फिरत्या खुर्चीत, पाठीला टॉवेल टाकून, गोल चेहऱ्याचे गप्पिष्ट गृहस्थ बसले होते. लक्ष्मीकांत धोटे, मूळचे अमरावतीचे. त्यांच्या मागे भिंतीवर गणपती, शेजारी गजानन महाराज आणि त्यांच्या शेजारी एका फ्रेममध्ये दोन वेण्या घातलेल्या मुलीचा गंभीर फोटो. उदबत्तीचा धूर तिघांनाही सारखाच मिळत होता. दसऱ्याला फ्रेमवर झेंडूचा हार दिसला तेव्हा मला राहवलं नाही.

"भाऊ, वहिनी कधी गेल्या?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"कुठे गेली?" भाऊ खुर्चीतून अर्धे उठलेच. "आत्ता तर घरी होती. भरीत करून राहिली होती!"

मग खुलासा झाला. ती फ्रेम म्हणजे वहिनींचं फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. औषधाच्या दुकानात ते दर्शनी भागात लावावं लागतं. दसऱ्याला भाऊ गल्ला, फ्रीज आणि प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टींना हार घालत, कारण त्यांच्या मते दुकान या तीन खांबांवर उभं होतं. माझ्या प्रश्नाचा त्यांना राग आला नाही. उलट ते पोट धरून हसले आणि त्याच संध्याकाळी मला 'वारलेल्या' वहिनींच्या हातचं भरीत खायला घरी घेऊन गेले. घर माझ्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर निघालं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पानात आणखी भरीत वाढलं. "बरं झालं तू विचारलंस," त्या म्हणाल्या. "बाकीचे नुसते फोटोला नमस्कार करून जातात."

त्यांची गोष्ट सांगायला सोपी आहे आणि ऐकली की मला अजूनही चीड येते. आनंदी अमरावतीला बी.फार्म. झाल्या, तेही पहिल्या पाचांत. लक्ष्मीकांतभाऊ तेव्हा एका औषध कंपनीचे एम.आर. होते, म्हणजे बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारोदार फिरणारे प्रतिनिधी. लग्न झालं, बदली चंडीगडला झाली, आणि भाऊंना फिरण्याचा कंटाळा आला. दुकान काढायला फार्मासिस्ट लागतो, तो घरातच होता. पाटीवर बायकोचं नाव आलं, भिंतीवर बायकोचं प्रमाणपत्र आलं, आणि पहिली दोन वर्षं काउंटरवर बायकोही होती. मग अक्षराचा जन्म झाला. मग सासरे आजारी पडून इथे राहायला आले. "तुला कशाला दगदग? मी आहे ना," असं भाऊ म्हणाले, आणि ते अगदी प्रेमानं म्हणाले, हीच पंचाईत. सासरे गेले, अक्षरा मोठी होऊन मोहालीत नोकरीला लागली, तिथल्याच एअरोसिटीत मैत्रिणींबरोबर राहायला गेली. वहिनी मात्र घरीच राहिल्या. दुकानात खुर्ची एकच होती आणि तिच्यात भाऊ बसलेले होते.

माणूस वाईट नव्हे हो. दुकान म्हणजे त्यांचा दरबार. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलातून चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला आधी पाणी, मग औषध. पण त्या दुकानाची मांडणी! एम.आर.चा पिंड, त्यामुळे औषधं कंपनीप्रमाणे लावलेली. तापाची एकच गोळी सात कंपन्यांची, तर सात फडताळांत. कुठलं औषध कुठे आहे हे जगात एकट्या भाऊंना ठाऊक, आणि याचा त्यांना अभिमान. "कॉम्प्युटर कशाला? हे काय आहे?" असं म्हणून ते स्वतःच्या टकलावर टिचकी मारत. कोणी चार गोळ्या मागितल्या की कात्रीनं पट्टी कापत, तीही नेमकी बॅच नंबर आणि मुदत छापलेल्या टोकाकडून, कारण तिथे धरायला बरं पडतं. उरलेली पट्टी मग कोणाची, केव्हाची, देवालाच माहीत.

अशात ते चौकोनी कोड आले. सरकारनं ठरवलं की सर्वांत जास्त खपणाऱ्या तीनशे ब्रँडच्या औषधांवर कंपन्यांनी क्यूआर कोड छापायचा. फोन धरला की औषधाचं नाव, बॅच, कधी बनलं, कधीपर्यंत चालेल, सगळं समोर. बनावट औषध ओळखू यावं, माल कुठून कुठे गेला याचा माग लागावा, हा हेतू. मी हे वर्तमानपत्रात वाचून विसरले होते. वहिनी विसरल्या नव्हत्या.

थंडीचे दिवस होते. गच्चीवर ऊन खात आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. वहिनींनी पदराआडून भाऊंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं खोकं काढलं, त्यावर फोन धरला आणि फोन माझ्यापुढे केला.

"बघ, कुठल्या कारखान्यात, कुठल्या महिन्यात झाली ते सगळं सांगते ही गोळी." त्यांचा आवाज बदलला होता. "आम्ही शिकत होतो तेव्हा सर म्हणायचे, औषधाचा माग ठेवता आला पाहिजे. तेव्हा वाटायचं, कसा ठेवणार बापा? आता ठेवता येते."

"मग?"

"मग काय. मला दुकानात जायचं आहे, वल्लरी." त्या मटाराच्या शेंगेकडे बघून बोलल्या. "वर्षानुवर्षं भिंतीवर लटकून राहिली मी. आता उतरायचं आहे."

"तर जा की! भाऊंना सांगा सरळ."

"सरळ सांगितलं तर ते म्हणतील, तुला कशाला दगदग." त्यांनी शेंग सोलली, एक मटार तोंडात टाकला आणि अशा हसल्या की मला तो वेणीवाला फोटो एकदम ओळखीचा वाटला. "त्यांना माझी भीती नाही. इन्स्पेक्टरची आहे."

त्या रात्री जेवताना वहिनींनी बातमी दिली, की नवा नियम आला आहे. कोडवाली औषधं नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनं स्वतः तपासून घ्यावी लागतात. रोज एक तास तरी. भाऊंचा घास हातातच राहिला. औषध निरीक्षक हा शब्द ऐकला की त्या माणसाला घाम फुटतो, मग बाहेर धुकं असो की दहिवर. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दुकानात हजर. बसायला अर्थातच जागा नव्हती. सलाइनच्या बाटल्यांचं एक खोकं पालथं घालून त्या त्यावर बसल्या आणि आलेला माल एकेक करून फोननं तपासू लागल्या.

तिथून जे सुरू झालं ते मी रोज येता-जाता पाहिलं आणि मनापासून चवीनं पाहिलं. एका तासाचे दोन झाले, कारण माल वाढला होता. फोनच्या जागी मशीन आलं, 'टुक' करून कोड वाचणारं. मग त्या मशीनला काहीतरी जोडायला हवं म्हणून अक्षराचा जुना लॅपटॉप आला. भाऊ टकलाला हात लावून म्हणाले, "हे कशाला?" वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "नियमात आहे." फ्रीजमध्ये तापमान दाखवणारं यंत्र आलं. का? नियमात आहे. मुदत संपत आलेल्या औषधांची वेगळी टोपली झाली. नियमात आहे. पट्टी कापायची तर कोऱ्या टोकाकडून कापायची आणि बॅच नि मुदत बिलावर छापून द्यायची. तेही नियमात. बिलावर गिऱ्हाइकाचा फोन नंबर येऊ लागला. वहिनींनी पांढरा कोटसुद्धा शिवून घेतला, कारण कॉलेजातला कोट पुढून मिटेना.

सगळ्यात मोठी लढाई फडताळांची झाली. कंपनीप्रमाणे लावलेली औषधं वहिनींनी आतल्या मूळ घटकाप्रमाणे लावायची ठरवली. भाऊंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दुःख होतं ते मुलगी सासरी पाठवतानाही दिसणार नाही.

"आनंदी, एवढं तरी राहू दे," ते म्हणाले. "मला काही सापडायचं नाही."

"एका रविवारी एकच फडताळ हलवू," वहिनी म्हणाल्या. "पुढचं पुढच्या रविवारी. नियमात सवलत आहे."

मला आता शंका येऊ लागली होती. विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवते, पुराव्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा जिन्यात गाठून मी विचारलंच, "वहिनी, हा नियम मला दाखवा बरं. फडताळांबद्दल नक्की काय लिहिलंय?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "थोडा सरकारचा आहे," त्या कुजबुजल्या, "थोडा माझा."

"थोडा म्हणजे किती?"

"सरकारनं कोड छापायला लावला. बाकीचं मी जोडलं."

मी तिथेच पायरीवर बसून हसले. पण वहिनी हसल्या नाहीत. "ज्या दिवशी त्यांना कळेल," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माझं खोकं गेलं बघ. ते म्हणतील, गरज नाही ना? मग चल घरी."

तोवर दुकानाला मात्र वहिनींची सवय होत चालली होती. मार्चमध्ये एका कंपनीनं थायरॉईडच्या गोळ्यांची एक बॅच परत मागवली. गोळ्या घातक नव्हत्या, पण त्यांच्यात औषधाची मात्रा कमी भरत होती. पूर्वी असा निरोप आला की भाऊ फडताळात असेल तेवढं काढून परत पाठवत, विकलं गेलेलं विकलं गेलं. वहिनींनी लॅपटॉपवर बॅच नंबर घातला. ती बॅच कोणाकोणाला गेली त्यांची नावं समोर आली. लगेच सगळ्यांना फोन.

त्यात समोरच्या घरांच्या ओळीतल्या सोढी आंटी होत्या. त्या पट्टी घेऊन तरातरा आल्या. "लक्ष्मीकांत जी," त्या काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, "सारी उमर दुकानदारों ने दवा बेची. वापस लेने का फोन पहली बार आया है!" मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहून, पांढऱ्या कोटाकडे पाहून त्या थबकल्या. "अरे, ये तो वही लड़की है!" दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींसाठी डबाभर पिन्नी, म्हणजे कणकेचे पंजाबी लाडू, आणली. भाऊंनी महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला 'आमच्या सिस्टीम'ची गोष्ट ऐकवली. गोष्ट दर वेळी वाढत गेली आणि फोन करणारे हळूहळू ते स्वतःच झाले.

आणि मग निरीक्षक आल्या.

मी डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं. बाई चाळिशीच्या, शांत, ढिल्लों आडनावाच्या. भाऊंच्या कपाळावर घाम आलाच, पण या वेळी दाखवायला काहीतरी होतं म्हणून त्यांची छातीही फुगली होती. त्यांनी मशीन दाखवलं, लॅपटॉप दाखवला, फ्रीज उघडून यंत्र दाखवलं. फडताळं दाखवताना तर ती त्यांनीच लावल्यासारखे हात फिरवले. बाई कौतुकानं बघत होत्या.

"बहुत बढ़िया," त्या म्हणाल्या. "अपनी मर्ज़ी से इतना सब किया?"

"मर्ज़ी से नहीं जी," भाऊ नम्रपणे म्हणाले. "नियम है ना. कोडवाला."

बाईंनी भुवया उंचावल्या. "वो नियम तो कंपनी के लिए है. कोड छापना कंपनी का काम है. आपके लिए मशीन, लैपटॉप, ये सब ज़रूरी नहीं है."

वहिनी खोक्यावर बसून गोळ्या मोजत होत्या. त्यांचा हात थांबला. मी थेंबांच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचू लागले, एकही डोक्यात शिरलं नाही. भाऊंनी बायकोकडे पाहिलं. 

"मतलब," शेवटी ते म्हणाले, "इनके यहाँ बैठने की ज़रूरत नहीं थी?"

ढिल्लों बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं, मग पालथ्या खोक्याकडे. त्या हुशार होत्या, त्यांना काय ते कळलं असावं.

"कोड के लिए नहीं," त्या सावकाश म्हणाल्या. "पर जिनका सर्टिफिकेट दीवार पर है, दवा उन्हीं के सामने दी जानी चाहिए. ये नियम तो बहुत पुराना है जी. आपकी दुकान से भी पुराना." वहीत सही करून त्या निघाल्या. जाताना वहिनींना म्हणाल्या, "मैडम, आप बैठिए."

 मी निघायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी निघाले नाही.

"तुला माहीत होता?" भाऊंनी विचारलं. "तो जुना नियम?"

"पहिल्याच परीक्षेला आला होता," वहिनी म्हणाल्या.

"मग तोच काहून नाही सांगितला? एका वाक्यात काम झालं असतं. ही फडताळं, हा कोट, ही नाटकं कशाला केली?"

वहिनींनी गोळ्या पुडीत भरल्या, पुडी मिटली. "तो नियम काढला असता तर तुम्ही इतकी वर्षं चुकीचे ठरला असता," त्या म्हणाल्या. "या नव्या नियमात कोणीच चुकलेलं नव्हतं. म्हणून मला हा बरा वाटला."

 भाऊंनी पायांत चपला सरकवल्या आणि ते बाहेर पडले. मार्केटच्या व्हरांड्यातून जाताना त्यांना दोघातिघांनी हाका मारल्या, त्यांनी एकालाही ओ दिली नाही. वहिनींनी पांढरा कोट काढला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. ती घडी बघून मला असा संताप आला की मी भाऊंच्या नावानं मोठ्यानं काहीतरी बोलले. वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे वल्लरी. झालं तेवढं पुष्कळ झालं." त्यांना रडू येत होतं आणि सोढी आंटी खोकल्याच्या औषधासाठी दारात उभ्या होत्या, म्हणून त्या रडल्या नाहीत. कोट न घालताच त्यांनी औषध दिलं, बॅच नंबरसकट बिल छापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खाली उतरायला तयार होईनात. "आज त्यांनी बोलावलं नाही," म्हणाल्या. मी त्यांच्या हातात पिशवी कोंबली. भाऊंनी बोलावण्याची वाट बघायची तर पुढचा दसरा उजाडेल, असं मी त्यांना ऐकवलं आणि त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. माझा वर्ग होता, तो त्या दिवशी उशिरा सुरू झाला.

दुकान नेहमीपेक्षा लवकर उघडलेलं होतं. भाऊ स्टुलावर चढून वहिनींच्या प्रमाणपत्राची काच पुसत होते. लॅपटॉपसमोर त्यांची जुनी फिरती खुर्ची ठेवली होती, तिच्यावर टॉवेल नव्हता. गल्ल्यापाशी दुसरी एक खुर्ची होती, साधी, प्लास्टिकची, खालच्या बाजूला किमतीचं लेबल अजून चिकटलेलं. टॉवेल त्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. सलाइनचं खोकं कुठेही दिसत नव्हतं.

वहिनी उंबऱ्यातच थांबल्या. "हे काय?"

"खुर्ची," भाऊ पाठमोऱ्यानंच म्हणाले. "बैस."

"तुमची आहे ती."

"दोन लागतात. नियमात आहे."

"कुठल्या नियमात?"

भाऊंनी काचेवरून फडकं एकदा आणखी फिरवलं. "जुन्या," ते म्हणाले.  "मी वाचला नव्हता."

मला भर बाजारात डोळे पुसावे लागले. नशीब, थेंबांची बाटली हातात होती, तिच्यावर ढकलता आलं. वहिनींनी पिशवीतून कोट काढला, झटकला आणि अंगात घातला. मग त्या फिरत्या खुर्चीत बसल्या, खुर्ची उंच होती म्हणून दांडी दाबून खाली घेतली, आणि सोढी आंटींचा खोकला कसा आहे ते विचारायला फोन लावला.